निजण्यापूर्वीचे चित्रपुस्तक

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. घरातील मोठ्यांची आवराआवर चाललेली असते, आणि तीन-चार वर्षांचे मूल मात्र डोळे चोळीत का होईना, अंथरुणावर उड्या मारीत असते. हे दृश्य बहुतेक मातापित्यांच्या परिचयाचे आहे. एक ते दोन वर्षांच्या बालकास दिवसाकाठी, दुपारच्या झोपेसह, ११ ते १४ तास व तीन ते चार वर्षांच्या बालकास १० ते १३ तास झोप आवश्यक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. एवढी झोप दटावणीने येत नाही. मुलाला जागृतीकडून निद्रेकडे हळूहळू न्यावे लागते, आणि या कामी चित्रपुस्तक फार उपयोगी पडते. मात्र कोणतेही पुस्तक चालत नाही.

या संदर्भात ‘गुडनाइट मून’ या अमेरिकन पुस्तकाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. मार्गारेट वाइज ब्राउन यांनी लिहिलेले व क्लेमंट हर्ड यांनी चित्रांनी सजविलेले हे पुस्तक १९४७ साली प्रकाशित झाले. मजकूर अवघा सुमारे १३० शब्दांचा. कथानक असे नाहीच. हिरव्या खोलीत सशाचे पिल्लू अंथरुणावर पडले आहे व जवळच एक वृद्ध ससेबाई विणीत बसली आहे. प्रथम खोलीतील वस्तूंची ओळख होते, मग कंगवा, मोजे, लापशीचा वाडगा अशा एकेका वस्तूचा निरोप घेतला जातो. एवढेच.

परंतु चित्रे लक्षपूर्वक पाहावीत. पाने उलटत जावीत तसतसा खोलीतील उजेड मंदावत जातो, खिडकीत चंद्र वर चढतो आणि घड्याळाचे काटे सातवरून आठ वाजून दहा मिनिटांवर येतात. (सशाच्या पिल्लालाही निजण्यास सत्तर मिनिटे लागली, हे ध्यानी घेतल्यास आपल्या पिल्लावरील राग थोडा निवळेल!) रंगीत पानांवर एक लहानसा उंदीर निरनिराळ्या जागी दडलेला असतो. त्याला शोधण्यात मुलाची नजर गुंतते व शरीर स्थिर राहते. पुढे काय होणार ही उत्कंठा येथे नाही, आणि नेमके तेच या पुस्तकाचे सामर्थ्य होय.

हे सामर्थ्य जाणत्यांनाही चटकन उमगले नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने १९७२ पर्यंत, म्हणजे तब्बल २५ वर्षे, हे पुस्तक आपल्या संग्रहात घेतले नाही. तेथील बालविभागावर दीर्घकाळ प्रभाव असलेल्या अ‍ॅन कॅरोल मूर यांचा ओढा परीकथांकडे होता, तर ब्राउन या मुलाच्या अवतीभवतीच्या साध्या गोष्टींतून साहित्य घडवू पाहणाऱ्या मताच्या होत्या. पुढे २०२० साली त्या ग्रंथालयाने १२५ वर्षांत सर्वाधिक वेळा वाचकांनी नेलेल्या पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा या विलंबामुळे यादीबाहेर राहिलेल्या ‘गुडनाइट मून’चा वेगळा उल्लेख तिला करावा लागला.

आपणही पुस्तक घेताना ‘यातून बोध काय?’ असे विचारतो. प्रस्तुत लेखकाने आपल्या कन्येसाठी मोठ्या हौसेने राक्षस व राजपुत्राचे पुस्तक आणले होते. परिणाम असा, की रात्री दहा वाजता राक्षसाला आणखी भाऊ किती, याची चर्चा रंगली. असे पुस्तक दुपारी अवश्य वाचावे.

नित्यक्रमाचे महत्त्वही मोठे आहे. सुमारे ४०० मातांच्या सहभागाने झालेला एक अमेरिकन अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. रोज रात्री स्नान, अंगमर्दन व नंतर शांतपणे वेळ घालविणे असा क्रम दोन आठवडे पाळला असता तान्ही व रांगती-चालती मुले लवकर झोपू लागली आणि रात्री कमी वेळा जागी झाली, असे त्यात आढळले. बाळाला न्हाऊमाखू घालून अंगाई म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना याचे नवल वाटले नसते. मोबाइलच्या पडद्यावरील गोष्ट मात्र या क्रमात बसत नाही. झोपेच्या वेळी डोळ्यांवर पडणाऱ्या प्रखर प्रकाशाने मेलाटोनिन हे निद्रेस अनुकूल संप्रेरक कमी स्रवते, व लहान मुलांत हा परिणाम अधिक होतो.

वाचताना दिवा मंद असावा, आवाज पानागणिक उतरत जावा. विकत घेणे शक्य नसल्यास जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात चौकशी करावी. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही असा विभाग आहे. पुस्तक मिळालेच नाही, तरी घरातील समई, खुंटीवरची पिशवी, अंगणातील तुळस आणि खिडकीतून दिसणारा माड यांचा ठरलेल्या क्रमाने निरोप घेता येतो. तोच क्रम रोज राखावा. मोठ्यांना तो कंटाळवाणा वाटला तरी मुलाला तसाच हवा असतो. घाईत एखादे पान गाळले, तर अर्धवट झोपेतूनही ‘आजी राहिली’ अशी सूचना येते. अशा वेळी निमूटपणे मागे जाऊन ते पान वाचावे.