बेने इस्रायली समाज: नारळाचे दूध आणि मलिदा

कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, वसलेल्या मराठीभाषक ज्यूंना बेने इस्रायली म्हणतात. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ज्यू धर्मनियमानुसार मांस व दूध एकत्र चालत नाही. त्यांच्या मटणाच्या रश्शात नारळाचे दूध असते. नियम पाळला जातो, चवही कोकणीच राहते. नवस फेडताना किंवा शुभकार्यात प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुकामेवा, सोबत फळे.

१९४८ नंतर पुष्कळजण इस्रायलला गेले. तिथे धर्मपंडितांनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. ती विवाह-घटस्फोटाच्या नियमांवरून होती, ताटावरून नव्हे. आंदोलनानंतर १९६४ मध्ये सरकारने त्यांना पूर्ण ज्यू मानले. मलिदा तिथेही होतो.