तीन मिनिटे झपझप, तीन मिनिटे सावकाश

वस्तीत व्यायामाचा विषय काढला की हमखास एक प्रश्न येतो : "दिवसभर ओझी उचलतो, चार-चार मजले चढून धुणीभांडी करतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही.

लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी बसकामगारांच्या हृदयविकाराची पाहणी केली. १९५३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बस डबलडेकर. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करणारा. दोघेही एकाच थरातले कामगार. तरी कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी उशिरा व कमी घातक, असे दिसले. टपालखात्यातही तसेच निघाले. पायी फिरून टपाल वाटणाऱ्यांची प्रकृती टेबलावरच्या कारकुनांपेक्षा चांगली. (मी स्वतः कारकून, त्यामुळे हे लिहिताना खुर्ची जरा टोचते आहे.)

म्हणजे राबणे हाच व्यायाम? तसेही नाही. कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या माहितीवरून २०२१ साली उलट गोष्ट पुढे आली. फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी होता, पण कामावर जड कष्ट करणाऱ्यांना तो जास्त होता. जाणकार याचे एक कारण असे सांगतात की, कष्टाच्या कामात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब तासन् तास चढलेले राहतात, आणि मनाप्रमाणे थांबून दम घेता येत नाही. कंडक्टर जिना चढायचा, मग उभ्याने तिकिटे फाडायचा, पुन्हा चढायचा. पाटी वाहणाऱ्याला अशी उसंत कोण देतो? मला तरी खरा फरक या विसाव्यात दिसतो.

त्यासाठी हृदयाचे काम थोडे समजून घेऊ. हृदयातच ठोक्याचा ताल देणारी एक लहानशी जागा असते. तिला मोकळी सोडली तर ती मिनिटाला सुमारे शंभर ठोके देईल. पण मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस ब्रेकचे काम करते, म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी साधारण साठ ते ऐंशी असते. आपण झपझप चालू लागलो की आधी हा ब्रेक सैल होतो, मग दुसऱ्या नसा वेग वाढवतात. थांबलो की ब्रेक पुन्हा लागतो. तो किती चटकन लागतो, यावरून प्रकृती कळते. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे २,४२८ जणांची सुमारे सहा वर्षे पाहणी झाली. व्यायामाची चाचणी संपल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी बारा किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली, त्यांच्यात मृत्यूचा धोका, वय वगैरे गोष्टी जमेस धरूनही, दुप्पट आढळला. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

नाडी चढवायची, उतरू द्यायची, पुन्हा चढवायची, यालाच इंटरव्हल पद्धत म्हणतात. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक गेर्शलर आणि डॉ. राइंडेल यांनी तिला शिस्त लावली. नाडी १८० पर्यंत न्यायची आणि १२० वर उतरली की पुढची धाव. त्यांचा भर धावेइतकाच मधल्या विसाव्यावर होता. गेर्शलर यांचा धावपटू हार्बिग याने १९३९ साली ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक तर सुताराचा मुलगा, झ्लीनच्या बाटा कारखान्यातला कामगार. तो चारशे मीटर जोरात, मग थोडे सावकाश, पुन्हा चारशे, असे कित्येक फेरे मारी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यतींची सुवर्णपदके त्याने नेली.

आपल्याला पदक नको, धड प्रकृती हवी. तिच्यासाठी जपानच्या मात्सुमोतो येथील शिनशू विद्यापीठाचा प्रयोग उपयोगी आहे. त्यात २४६ लोक होते, सरासरी वय त्रेसष्ट, बहुतेक स्त्रिया. एका गटाने तीन मिनिटे झपझप, तीन मिनिटे सावकाश, असे निदान पाच फेरे, आठवड्यातून चार दिवस किंवा अधिक, पाच महिने चालायचे. २००७ साली निष्कर्ष आले. एकाच संथ चालीने चालणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मांड्यांची ताकद आणि दम जास्त वाढला, रक्तदाबही अधिक उतरला. यंत्र नाही, फी नाही.

मात्र 'इंटरव्हल म्हणजे जादू' असे कोणी सांगितले तर मान डोलावू नये. नॉर्वेत हृदय दुबळे झालेल्या २७ रुग्णांवर २००७ साली फार चांगला परिणाम दिसला. पुढे नऊ केंद्रांत २६१ रुग्णांवर पडताळा घेतला, त्याचा निकाल २०१७ साली आला : बेताचा, सलग व्यायामही तितकाच गुणकारी. ज्याला जे जमेल ते त्याने करावे.

झपझप म्हणजे किती? दोन-चार शब्द बोलता यावेत, पण गप्पा मारता येऊ नयेत, इतके. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. थांबताच मोजा, मिनिटाने पुन्हा मोजा, वहीत लिहा. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर नाडी फारशी चढणार नाही. त्यांनी आकड्याऐवजी दमावर लक्ष ठेवावे, गोळी मात्र बंद करू नये.

भारत आणि शेजारच्या देशांत हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो. मोठ्या पाहणीत मधले वय इथे ५३, इतरत्र ५९ निघाले. म्हणून चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा विडी-तंबाखू असलेल्यांनी आधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे. चालताना छाती आवळली, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, घेरी आली, तर जागीच थांबावे, आणि 'गॅस झाला असेल' म्हणून घरी न जाता थेट दवाखाना गाठावा. भगिनींनी चार-पाच जणींचा गट करावा. रात्रीचा स्वयंपाक अर्धा तास घरातल्या पुरुषांकडे दिला तर वेळही निघतो.