खाचेतलं लॉक

मारुती ८०० च्या दाराची काच खाली-वर करणारं हँडल काढायला बसलात, तर त्यावर कुठेही स्क्रू सापडणार नाही. हँडल आणि दाराचं पॅनल यांच्यामधल्या फटीत नालेच्या आकाराची तारेची एक क्लिप दडलेली असते. शाफ्टच्या दात्यांवर हँडलला तीच धरून ठेवते. जुने मेकॅनिक ती काढायला कुठलंच हत्यार घेत नाहीत. सुती फडक्याची पट्टी हँडलच्या मागे सरकवायची, दोन्ही टोकं धरून डावी-उजवीकडे घासत ओढायची. फडकं क्लिपच्या टोकांना अडकतं आणि क्लिप खाचेतून सुटते. ती उडून सीटखाली जाऊ नये म्हणून कुणाला तरी वरून हात आडवा धरायला सांगावं. परत बसवताना क्रम उलटा: आधी क्लिप हँडलमध्ये, मग हँडल दात्यांवर टेकवून तळहाताने एक थाप. टक् असा आवाज आला की झालं. काच पूर्ण वर असताना हँडल कोणत्या कोनात होतं, ते मात्र काढण्याआधीच बघून ठेवावं.

घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याला अशा क्लिपा जागोजागी भेटतात. ब्रेक पॅडच्या पिनेच्या टोकाला, केबलींच्या जोडांवर, चाकाच्या बेअरिंगपुढे, ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या टोकाला. या गोतावळ्यात सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वस्तू म्हणजे सर्क्लिप. गॅरेजात तिला सरळ 'लॉक' म्हणतात. स्प्रिंग स्टीलची, तोंड उघडं असलेली कडी. शाफ्टवर कोरलेल्या खाचेत ती बाहेरून बसते किंवा एखाद्या पोकळीच्या आतल्या खाचेत आतून, आणि तिच्यामागे बसवलेलं बेअरिंग किंवा गिअर जागचं हलू देत नाही. हेच काम करायला एरवी शाफ्टवर आटे पाडून नट लावावा लागतो, किंवा आरपार भोक पाडून पिन घालावी लागते. दोन्हीला जागा लागते, धातू लागतो, वेळ लागतो.

आजच्या रूपातली ही कडी १९२० च्या दशकात जर्मनीत झेगर कंपनीने पुढे आणली, आणि जर्मन कारागीर अजूनही ती त्या कंपनीच्याच नावाने मागतो. अमेरिकेतली तिची गोष्ट मला जास्त वेधक वाटते. प्रागचा उद्योजक यिंद्रिख वाल्देस कपड्यांची प्रेस बटणं बनवत असे, आणि त्याच्या मालाचं नाव होतं 'कोह-इ-नूर'. १९३९ मध्ये नाझींनी त्याला पकडून छळछावणीत टाकलं. तिथून सुटून अमेरिकेला जात असताना १९४१ मध्ये त्याचा मृत्यू झाला. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीतल्या त्याच्या कंपनीने 'ट्रूआर्क' या नावाने अशाच कड्या बनवल्या आणि त्या देशभरच्या यंत्रांत जाऊन बसल्या. बटणवाल्यांनी हे काम हाती घ्यावं यात नवल नाही. प्रेस बटणाच्या पोटातही तारेची बारीक स्प्रिंगच समोरच्या बोंडाची मान धरत असते.

सर्क्लिप हातात घेऊन नीट बघावी. तिची रुंदी सगळीकडे सारखी नसते. तोंडाच्या बरोबर समोर ती सर्वांत रुंद असते आणि पक्कड घालायची भोकं असलेल्या दोन कानांकडे निमुळती होत जाते. रुंदी सारखी ठेवली असती, तर ताणल्यावर कडी लंबगोल झाली असती आणि खाचेला दोन-तीन ठिकाणीच टेकली असती. निमुळती केल्यामुळे ती ताणली तरी गोल राहते आणि जवळजवळ पूर्ण घेरात खाचेला भिडते. शाफ्टवरच्या कड्यांसाठी डीआयएन ४७१ आणि आतल्या कड्यांसाठी डीआयएन ४७२ ही जर्मन मानकं आहेत. आपल्याकडे आयएस ३०७५ आहे.

आकडे पाहिले की या वस्तूबद्दल आदर वाटतो. २० मिलिमीटरच्या शाफ्टवरची सर्क्लिप फक्त १.२ मिलिमीटर जाड असते आणि तिची खाच अवघी अर्धा मिलिमीटर खोल. समोरच्या भागाची कड चौकोनी आणि नीट टेकलेली असेल, तर कोष्टकांनुसार ही कडी दीड टनाहून जास्त भार झेलते. साध्या पोलादातली खाच मात्र अर्ध्या टनाच्या आसपासच हार मानू लागते. म्हणजे आधी झिजते, चेपते ती खाच. म्हणून नवी कडी आणण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते खाच साफ करणं. समुद्राकाठच्या गावांत गंजाचा पापुद्रा खाचेच्या तळाशी साचतो, कडी त्यावर तरंगत बसते आणि वरून पाहिलं तर बसल्यासारखी दिसते. बारीक तारेच्या ब्रशने किंवा टोकदार काडीने पूर्ण घेर खरवडावा, रॉकेलने धुवावा आणि मग कडी हातात घ्यावी.

नट आवळताना पान्यावरच्या हाताला कळतं की तो घट्ट झाला. सर्क्लिप हाताला एवढं सांगत नाही. अर्धी खाचेत आणि अर्धी बाहेर असतानाही ती जागेवर थांबते, गाडी सुरूही होते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्याला किंवा लांबच्या घाटात तिचं खरं कळतं. म्हणून हे काम डोळ्यांनी पूर्ण करायचं असतं. बॅटरी घेऊन सगळा घेर बघावा. कानांमधलं अंतर जुनी कडी काढण्याआधी होतं तेवढंच आहे का, ते ताडावं. शाफ्टवरची कडी बोटाने सैल फिरत असेल तर ती जास्त ताणली जाऊन कामातून गेली आहे, कारण चांगली कडी मोकळ्या अवस्थेत खाचेपेक्षा लहान असते आणि खाचेला आवळून बसते. शाफ्टवरून जाईल एवढंच तोंड उघडायचं, त्याहून केसभरही जास्त नाही.

बसवण्याची एक बाजूही असते, आणि घरी काम करणाऱ्यांत ती फार थोड्यांना ठाऊक असते. प्रेसवर कापल्यामुळे कडीच्या एका बाजूची कड किंचित गोल होते, दुसरी धारदार राहते. नख फिरवलं की कळतं. मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलेलं नसेल, तर गोल कड भार देणाऱ्या भागाकडे ठेवायची आणि धारदार कड त्याच्यापासून दूर. मग भार आला की धारदार कड खाचेच्या भिंतीला कोपऱ्यापर्यंत भिडते. उलटी बसवली तर गोल कडेवरून कडी हळूहळू वर चढू पाहते.

आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतकचं इंजिन ज्यांनी अंगणात उघडलं आहे, त्यांना पिस्टनची लॉकं ठाऊक असतील. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनेच्या दोन्ही टोकांना तारेची एकेक कडी असते. तिला हात लावण्याआधी खालच्या क्रँककेसचं तोंड स्वच्छ फडक्याने बंद करावं, कारण आत पडलेली कडी शोधायला अख्खं इंजिन खोलावं लागतं. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात पिस्टन सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. कडीचं तोंड आडवं राहिलं तर त्या झटक्यांनी ती दबून खाच सोडू शकते. म्हणून तोंड वर किंवा खाली ठेवतात, आणि कडी उचकटण्यासाठी पिस्टनला ठेवलेल्या चिरेसमोर ते येऊ देत नाहीत. सुटलेली कडी सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पाडते. मग बोअर करून घेण्यावाचून उपाय उरत नाही.

हत्याराबाबत मी हट्टी आहे. दोन खिळे, दोन स्क्रूड्रायव्हर, वाकवलेली तार यांनी सर्क्लिप निघते, पण वाकडी होऊन निघते. सर्क्लिप पक्कड दोन प्रकारची असते. शाफ्टवरच्या कडीसाठीची पक्कड दाबली की टोकं उघडतात, आतल्या कडीसाठीची दाबली की मिटतात. अडचणीच्या जागेसाठी वाकड्या टोकांची वेगळी मिळते. नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या टपारिया कंपनीची पक्कड महाराष्ट्रातल्या बहुतेक हार्डवेअर दुकानांत मिळते. विकत घेताना टोकं कानांच्या भोकांत सैल किंवा अपुरी बसत नाहीत ना, हे बघावं. टोक निसटलं की कडी गोळीसारखी सुटते. डोळ्यांवर चष्मा हवाच, मग काम दोन मिनिटांचं का असेना. कडीच्या एका भोकातून दोरा ओवून तो पक्का धरला तर ती उडाली तरी हाताशीच राहते. सुट्या भागावर काम असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत भाग, पक्कड आणि दोन्ही हात घालून काम करावं.

स्प्लिट पिनेबद्दल थोडंसंच. ती दर वेळी नवी घ्यायची. स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटवर नटाची खाच आणि बोल्टचं भोक जुळत नसेल, तर नट थोडा पुढे आवळून जुळवायचा, सैल करून कधीच नाही. निमुळत्या रोलर बेअरिंगच्या चाकावर मात्र उलट: तिथे तो थोडा मागे घेऊनच जुळवतात. ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये सरकवल्यावर टोकाची कडी आत अडकली का, हे जॉइंट हलका बाहेर ओढून तपासावं. शाफ्ट न धरता जॉइंटचं घरच ओढावं, नाहीतर आतला जॉइंट सुटा होतो. बंपर आणि दारांची प्लास्टिकची बटणं उन्हाने कडक झालेली असतात, ती तुटणारच. डझनभर आणून ठेवावीत.

पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बेअरिंग घ्यायला जाल, तेव्हा जुनी सर्क्लिप सोबत न्या, ती शाफ्टच्या मापाशी जुळवून नवी मागून घ्या, आणि एक जास्तीची घ्या. बेअरिंगच्या किमतीपुढे तिची किंमत नगण्य असते. आणि कडी हरवली म्हणून ती न लावताच चाक चढवायची वेळ आली, तर त्या दिवशी गाडी जॅकवरच राहू द्या.