‘लग्नानंतर बोलावून घेतो’

उमरगा असो, कळंब असो की तुळजापूर, सोयरिकीची बैठक बसली आणि मुलगा परदेशात असला की प्रश्न ठरलेले असतात: पगार किती, शेती किती, घर कुठे. तो तिथे कोणत्या व्हिसावर आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. मुलाकडचे म्हणतात, ‘लग्नानंतर सहा महिन्यांत बोलावून घेईल.’ मुलीकडचे मान डोलावतात आणि सुपारी फुटते. मुलगी पुण्यातली नोकरी सोडून सासरी येते आणि सहा महिन्यांची दोन वर्षे होतात. बहुतेक वेळा यात कोणी कोणाला फसवलेले नसते. नियमच कोणाला ठाऊक नसतात, आणि त्याची किंमत वाट पाहणारी मुलगी मोजते. म्हणून हे गैरसमज एकेक करून बाजूला करायला हवेत.

‘लग्न झाले की बायकोला नेण्याचा हक्क मिळतोच’

मिळतोच असे नाही. लग्नाने नाते सिद्ध होते. पत्नीला सोबत राहता येईल की नाही, हे पतीच्या व्हिसावर ठरते. ब्रिटनचे उदाहरण घ्या. आपल्याकडची बरीच मुले एम.एस्सी., एमबीएसाठी तिकडे जातात. 1 जानेवारी 2024 पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांना पत्नी-मुलांना नेता येत नाही. पीएचडी, संशोधनावर आधारित पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि सरकारी शिष्यवृत्ती एवढाच अपवाद. वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करच्या व्हिसावर 11 मार्च 2024 नंतर नव्याने गेलेल्यांनाही कुटुंब नेण्याची मुभा नाही. वरच्या दर्जाच्या कुशल नोकरीचा व्हिसा असेल तर पत्नी जाऊ शकते आणि तिथे नोकरीही करू शकते. तिन्ही मुले ‘लंडनला असतात’, पण तिघांच्या बायकांचे भवितव्य वेगवेगळे.

पती ब्रिटनचा नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर हिशेब आणखी निराळा. तिथे किमान उत्पन्नाची अट आहे. पूर्वी ती वर्षाला 18,600 पौंड होती, 11 एप्रिल 2024 पासून नव्या अर्जदारांसाठी 29,000 पौंड झाली. पत्नीला प्राथमिक पातळीचे इंग्रजी येते हे परीक्षेने दाखवावे लागते. मुलाच्या वडिलांची इथली बागायती कितीही असो, शेतातले उत्पन्न दाखवून ही अट पूर्ण होईल असे गृहीत धरू नका.

आखातात अट पगाराची असते. संयुक्त अरब अमिरातीत पत्नीला बोलावण्यासाठी दरमहा किमान 4,000 दिरहम, किंवा 3,000 दिरहम आणि राहण्याची सोय, एवढे दाखवावे लागते. मजुरांच्या वसाहतीत आठ जणांच्या खोलीत राहणाऱ्याला हे जमत नाही, आणि तो घरी तसे सांगत नाही. सोयरिकीत त्याला पगार विचारतातच. राहण्याची व्यवस्था काय आहे, हेही तितक्याच मोकळेपणाने विचारावे.

‘अमेरिकेत गेली की तीही नोकरी करेल’

पती एच-1बी व्हिसावर असेल तर पत्नीला एच-4 मिळतो. नुसत्या एच-4वर नोकरी करता येत नाही. 2015 पासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी साधारणपणे पतीच्या कायम वास्तव्याच्या प्रक्रियेतला आय-140 हा अर्ज मंजूर झालेला असावा लागतो. पती विद्यार्थी असेल तर पत्नीच्या एफ-2 व्हिसावर नोकरी नाहीच. बी.ई., बी.फार्म. झालेल्या मुलीने हे लग्नाआधी समजून घेतले, तर निर्णय तिचा राहतो. तिथे पोचल्यावर कळले, तर चार भिंतींत वर्षे जातात.

याच्याच जोडीला एक महागडा गैरसमज आहे: ‘आधी ग्रीन कार्ड हातात पडू दे, मग बार उडवू.’ नोकरीमार्गे ग्रीन कार्ड मिळणार असेल आणि ते मिळण्याआधी लग्न झालेले असेल, तर पत्नीलाही त्याच अर्जाच्या आधारे ग्रीन कार्ड मिळू शकते. लग्न नंतर झाले, तर पत्नीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्या वर्गाला वार्षिक कोटा असल्याने रांग लागते. अमेरिकी नागरिकाच्या पत्नीला असा कोटा नाही. मुहूर्ताआधी ही तारीख वकिलाला विचारा. काही महिन्यांच्या फरकाने काही वर्षे वाचतात.

‘साखरपुडा झाला तरी नेता येते’

अमेरिकेचा के-1 व्हिसा होणाऱ्या जोडीदारासाठी आहे, पण तो फक्त अमेरिकी नागरिकाला मागता येतो. ग्रीन कार्ड किंवा एच-1बीवाल्याला नाही. अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते आणि पोचल्यावर 90 दिवसांत लग्न करावे लागते. ब्रिटनमध्येही असा सहा महिन्यांचा व्हिसा आहे, त्यावर नोकरी करता येत नाही. कॅनडात होणाऱ्या नवरा-नवरीसाठी वेगळा वर्गच नाही, मात्र लग्न न करता सलग वर्षभर एकत्र राहिलेल्या जोडीदाराला तो देश मानतो.

‘टुरिस्ट व्हिसावर जाऊ द्या, तिथे गेल्यावर बदलून घेऊ’

हा सल्ला देणाऱ्या एजंटाच्या दारातून तसेच परत फिरा. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून आलेल्याला तिथल्या तिथे पत्नीचा व्हिसा घेता येत नाही. कायमचे राहण्याचा बेत लपवून ‘फिरायला चालले’ असे सांगितल्याचे अमेरिकेत सिद्ध झाले, तर तो खोटेपणा पुढच्या प्रत्येक अर्जाच्या आड येतो. ब्रिटनमध्ये अर्जातल्या फसवणुकीची बंदी दहा वर्षांपर्यंत असू शकते.

‘तिथे गेल्यावर बघू’ हा हिशेब जर्मनीतही चालत नाही, आणि तिकडे सध्या ओढा वाढतो आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून चर्चाही जास्त आहे. तिथे पत्नीला निघण्यापूर्वीच जर्मन भाषेची ए-1 परीक्षा द्यावी लागते. पती ब्लू कार्डधारक असेल तर ही अट नाही. ज्यांना ती लागू आहे, त्यांनी साखरपुड्यानंतरच क्लास लावला तर वाट पाहण्याचा काळ कारणी लागतो, कारण पोचल्यावर पत्नीला नोकरीची मुभा असते.

‘कागद नंतर बघू’

अडचण बहुतेक वेळा इथे होते. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव. आधारवर नवे नाव पण आडनाव जुने. विवाह नोंदणीत आणखी तिसरेच स्पेलिंग. दूतावासातल्या अधिकाऱ्यापुढे ही चार माणसे होतात. पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव-आडनाव बदलण्याची सक्ती नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट पूर्ण वैध असतो. परदेशी जायचे असेल तर मला तरी नाव न बदलणेच शहाणपणाचे वाटते. बदलायचेच असेल, तर राजपत्रात प्रसिद्ध करून सगळीकडे एकसारखे करा.

लग्नपत्रिका आणि अल्बम हे पूरक पुरावे, मुख्य पुरावा विवाह नोंदणी प्रमाणपत्र. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यानुसार गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. वधू, वर आणि तीन साक्षीदार लागतात, आणि ती लग्नापासून 90 दिवसांच्या आत करायची असते. नवरा दहा दिवसांच्या रजेवर आलेला असतो, देवदर्शन आणि पाहुणचारात ते सरतात, सही राहून जाते. हळदीच्या आदल्या दिवशीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याला भेटून अर्जातले प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून घ्या.

दुसरी भीती खास आपल्या जिल्ह्याची. जन्मस्थळ ‘उस्मानाबाद’ आणि विवाहाचे ठिकाण ‘धाराशिव’, मग अर्ज फेटाळतील का? 2023 मध्ये नाव बदलले म्हणून आधी दिलेले दाखले बाद होत नाहीत. त्यासाठी जन्मदाखला नव्याने काढायची धावपळ करू नका. नामांतराच्या अधिसूचनेची प्रत आणि तिचे इंग्रजी भाषांतर अर्जाला जोडा.

आणि ‘अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) केले की जगभर चालते’ हेही खरे नाही. भारत 2005 पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण अमिरातीसाठी परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचे साक्षांकन लागते. जर्मनीने भारताच्या सहभागाला आक्षेप घेतलेला असल्याने त्यांच्याकडे कागदपत्रांच्या पडताळणीची वेगळी पद्धत आहे.

‘परदेशी जोडीदार इथे आला की नागरिक होतो’

उलट दिशेने येणारेही आहेत. परदेशी व्यक्तीशी इथे लग्न करायचे तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाने जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेले असावे लागते, मग नोटीस आणि पुढे 30 दिवसांची मुदत. लग्नानंतर एक्स वर्गातला एंट्री व्हिसा मिळतो आणि परदेशी नागरिक म्हणून रीतसर नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत लग्न सलग दोन वर्षे टिकले की ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी अर्ज करता येतो, पाकिस्तान-बांगलादेशाशी संबंध असलेले वगळून. नागरिकत्वाचा अर्ज भारतात सात वर्षे राहिल्यावर. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, तेव्हा सुनेच्या नावे रान घेण्याचा बेत आधीच बाजूला ठेवावा.

‘नवऱ्याने नेलेच नाही, तर तक्रार त्याच्या देशात करावी लागते’

हा गैरसमज सगळ्यांत जास्त नुकसान करतो. टाळाटाळ करणारा नवरा आणि ‘थोडी कळ सोस’ म्हणणारे दोन्हीकडचे लोक यांच्यामध्ये मुलगी अडकते. पतीच्या किंवा सासरच्या क्रौर्यामुळे घर सोडावे लागलेली स्त्री जिथे आसरा घेते, तिथल्या न्यायालयातही तक्रार चालू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी खटल्यात एप्रिल 2019 मध्ये दिला आहे. म्हणजे माहेर लोहाऱ्यात असेल तर दाद तिथूनही मागता येते. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठी स्वतंत्र कक्ष आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरून तिकडच्या भारतीय दूतावासापर्यंत तक्रार पोचवता येते. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या कायद्याने स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिचे किंवा माहेरचे उत्पन्न किती हे पाहिले जात नाही. जाताना विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पतीच्या पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, त्याच्या कंपनीचे नाव आणि तिथला पत्ता सोबत असावा. हे चारही कागद साखरपुड्याच्या वेळीच मागून ठेवता येतात, प्रमाणपत्र तेवढे नोंदणी झाल्यावर त्यात घालायचे.