मुखत्यार कोणाचा?

(हातातले यंत्र : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात कळफलकाचा विचार केला, तेव्हा यंत्र आपले म्हणणे कसे ऐकून घेते एवढ्यापुरतीच चर्चा मर्यादित ठेविली होती. आज, त्याच यंत्रातून जो आपल्या वतीने बाहेर जातो, दूरच्या दप्तरातून कागद मागवितो, आलेला कागद उलगडून आपल्यासमोर मांडतो, आणि वाटेत कोणाजवळ काय बोलून आला याचा उच्चार सहसा करीत नाही, त्या ब्राउझर नामक इसमाची चौकशी करावयाची आहे. यास मराठीत 'न्याहाळक' म्हणावे अशी सूचना काही मंडळींनी केली आहे. शब्द कानास गोड आहे, परंतु न्याहाळण्याचे काम आपले, त्याचे नव्हे, म्हणून तो मला कधी पटला नाही. महाजालाचे नियम लिहिणाऱ्या तज्ज्ञांनी आपल्या दस्तऐवजांत ब्राउझरास जी संज्ञा योजिली आहे तिचा सरळ अर्थ 'वापरणाऱ्याचा मुखत्यार' असा होतो, आणि फोनसाठी ब्राउझर निवडताना हा एकच शब्द हाती धरला तर पुष्कळ गोंधळ आपोआप निवळतो. कारण मुखत्याराविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न तो किती चपळ आहे हा नसून, तो मीठ कोणाचे खातो हा असतो.

आता गंमत अशी की, बहुतेकांनी हे मुखत्यारपत्र स्वतः कधी लिहून दिलेलेच नसते. अँड्रॉइडचा फोन खोक्यातून काढावा तो आत क्रोम बसलेला, आणि आयफोन किंवा आयपॅड उघडावा तो सफारी हजर, अशी ही वंशपरंपरेची नेमणूक असते. या नेमणुकीमागील व्यवहार लहान नाही. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यातील एक आक्षेप हाच होता की अँड्रॉइडबरोबर आपली इतर साधने फोन बनविणाऱ्यांच्या गळ्यात बांधली जातात. आणि सफारीत शोधाची पेटी गूगलचीच राहावी यासाठी गूगलने एकट्या २०२२ साली ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतील खटल्याच्या कागदपत्रांवरून उजेडात आले. फायरफॉक्स हा तिसरा ब्राउझर काढणारी मोझिला ही संस्था ना-नफा तत्त्वावर उभी असली, तरी तिच्याही उत्पन्नाचा मोठा हिस्सा गूगलबरोबरच्या शोध-करारातूनच येतो. म्हणजे तिघांचे सरकार वेगळे, झेंडे वेगळे, पण शिधा थोड्याफार प्रमाणात एकाच कोठारातून!

तरीही तिघांचे वर्तन सारखे नाही. एका स्थळावर आपण वाचलेले दुसऱ्या स्थळावरच्या जाहिरातवाल्यास कळावे म्हणून ज्या परक्या कुक्या पेरल्या जातात, त्यांस सफारीने मार्च २०२० मध्ये सरसकट बंदी केली. फायरफॉक्सने प्रत्येक स्थळाची कुकी त्या स्थळाच्याच बरणीत कोंडून ठेवण्याची तजवीज केली. क्रोमने मात्र २०२० च्या आरंभी दोन वर्षांत बंदी करू असे जाहीर करून, मुदती वाढवीत वाढवीत, जुलै २०२४ मध्ये तो बेतच मागे घेतला. जाहिरातीवर ज्याचा संसार चालतो त्याने जाहिरातीचा पाट अडविण्यास इतका वेळ घ्यावा, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

निवडीचा दुसरा भ्रम रूपाचा. दुकानात दहा ब्राउझर दहा रंगांचे दिसतात, परंतु पानाची मांडणी करणारे आतले यंत्र, ज्यास जाणकार 'इंजिन' म्हणतात, ते मोजून तीनच घराण्यांचे आहे. के-एच-टी-एम-एल नावाच्या एका मुक्त प्रकल्पातून ॲपलने वेबकिट सिद्ध केले, वेबकिटातून २०१३ साली गूगलने ब्लिंक वेगळे काढले, आणि आज क्रोमच नव्हे, तर सॅमसंगचा ब्राउझर, मायक्रोसॉफ्टचा एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सारे अँड्रॉइडवर त्याच ब्लिंकवर चालतात; मोझिलाचे गेको तेवढे तिसरे. या घराण्यांचा इतिहास ज्यास विनोदाची आवड आहे त्याने अवश्य पाहावा. प्रत्येक ब्राउझर दारात उभा राहताच आपली ओळख एका ओळीत सांगतो. पूर्वी 'मोझिला' अशी ओळख देणाऱ्या नेटस्केप नावाच्या ब्राउझरला काही स्थळे चांगली पाने देत आणि इतरांस परत पाठवीत, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने 'मीही मोझिलासारखाच' असे सांगण्यास आरंभ केला. मागाहून आलेल्यांनी 'गेकोसारखा', 'सफारी' अशा आणखी सनदा कनवटीस लावल्या. आणि आजचा क्रोम आपले नाव सांगण्यापूर्वी मोझिला, वेबकिट, के-एच-टी-एम-एल व गेको यांची नावे घेतो आणि शेवटी सफारीचीही पुस्ती जोडतो. बखरीतील एखाद्या सरदाराने आपल्या बिरुदावलीत शत्रूंचीही बिरुदे घालावीत, तसा हा प्रकार आहे.

आयफोन आणि आयपॅड यांच्या बाबतीत तर इंजिनाच्या निवडीचा हा प्रश्न ॲपलने हुकूमच काढून मिटविला आहे. तेथे कोणताही ब्राउझर यावा, पण आत इंजिन वेबकिटचेच असले पाहिजे. या दंडकास मोठा अपवाद मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघात झाला, परंतु भारतातील ग्राहकास तो लागू नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आयओएस १४ आल्यापासून दुसऱ्या ब्राउझरला मुख्य ठरविण्याची मुभा मिळाली खरी, परंतु आयफोनवरील क्रोम म्हणजे क्रोमचा अंगरखा घातलेला वेबकिट होय. यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो आणि तो घरोघरी पडून असलेल्या जुन्या आयपॅडांच्या मालकांनी लक्षात ठेवावा: वेबकिट आयओएसबरोबरच नवे होते, म्हणून २०१३ च्या आयपॅड एअरसारख्या ज्या यंत्राची बढती आयओएस १२ वर थांबली, त्यावर ब्राउझर बदलून पाने नीट दिसू लागण्याची आशा करणे व्यर्थ आहे. अँड्रॉइडवर तशी कोंडी नाही, ब्राउझर स्वतंत्रपणे नवा होत राहतो. पण तेथेही मर्यादा आहे, आणि क्रोमने २०२३ अखेर अँड्रॉइड ७ वरील फोनांस नव्या आवृत्त्या देणे थांबविले. सुरक्षेची ठिगळे न मिळणाऱ्या ब्राउझरातून बँकेचा व्यवहार करू नये.

येथे थोडे विषयांतर करतो. स्मार्टफोन हाती येण्यापूर्वी, बटणांच्या फोनवर मराठी वाचण्याची ज्यांनी धडपड केली त्यांना ऑपेरा मिनी हे नाव विसरता येणार नाही. फोनात देवनागरी नाही, पान उघडावे तर चौकोनांची रांग. अशा वेळी कोणी जाणत्याने सांगितले की, पत्त्याच्या रकान्यात रोमन लिपीत 'ऑपेरा', मग अपूर्णविराम, मग 'कॉन्फिग' असे लिहावे आणि उघडणाऱ्या यादीत गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय चालू करावा. तसे केले, आणि त्या बोटभर पडद्यावर जोडाक्षरे वेलांट्यांसह अवतरली, तो आनंद मला अद्याप आठवतो. युक्ती अशी होती की, पान आपल्या फोनात उलगडतच नसे. ऑपेराच्या संगणकांत ते उघडून, दाबून, अक्षरांची चित्रे करून आपल्याकडे धाडले जाई, म्हणून ते स्वस्तही पडे. मात्र याचाच दुसरा अर्थ, मुखत्यार आपली सर्व पत्रे वाटेत फोडून वाचू शकत होता. ही सोय ऑपेरा मिनीत अतिबचतीच्या रूपाने टिकून आहे. वर्तमानपत्र वाचण्यास ती ठीक, संकेतशब्द टाकण्यास नव्हे. याच काटकसरीच्या वाटेने भारतात प्रचंड लोकप्रिय झालेला चिनी यूसी ब्राउझर, २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत गेला.

मग निवडावे काय? ज्याच्या फोनात, संगणकात आणि टपालात गूगलचेच खाते आहे, ज्यास परभाषेतील पान बसल्या जागी मराठीत उलथून हवे असते, त्यास क्रोमची सोय सोडवणार नाही, आणि त्याने सोडावी असा माझा आग्रहही नाही. परंतु चार ओळींची बातमी वाचण्यासाठी चाळीस जाहिराती बाजूस सारण्याचा ज्यास कंटाळा आला असेल, त्याने अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्यावा. फोनवरील क्रोम पुरवण्या स्वीकारीत नाही, फायरफॉक्स स्वीकारतो, आणि यूब्लॉक ओरिजिन ही एक पुरवणी बसविली की पान कसे मोकळे होते ते पाहण्यासारखे आहे. त्याचे वाचनरूप वयस्कर डोळ्यांस विशेष मानवते. सॅमसंगच्या फोनवर त्यांच्याच ब्राउझरात जाहिरातबंदीची वेगळी जोड मिळते, आणि ब्रेव्हमध्ये ती जन्मजातच आहे. माझ्यापुरता मी दोन नोकर ठेविले आहेत: बँक आणि सरकारी कामे यांस एक, वाचनाच्या भटकंतीस दुसरा; एकाच्या रोजनाम्यातील नोंद दुसऱ्याच्या हाती लागत नाही. गुप्त खिडकीवर मात्र फार विसंबू नये. ती केवळ आपल्या फोनातील नोंद पुसते. फोनकंपनी, कचेरीचे जाळे आणि भेट दिलेले स्थळ यांना आपण दिसतोच, आणि याच समजुतीच्या घोटाळ्यावरून झालेल्या दाव्यात गूगलने २०२४ साली अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

इतके करूनही एक चोरवाट उरतेच. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम यांत आलेला दुवा आपण दाबतो, तेव्हा पान आपल्या नेमलेल्या ब्राउझरात उघडत नाही, तर त्या ॲपच्या पोटातल्याच एका खिडकीत उघडते, जिचे मुखत्यारपत्र आपण कोणास दिलेले नाही आणि जिच्यात आपली जाहिरातबंदीही चालत नाही. अशा वेळी कोपऱ्यातील तीन टिंबांवर बोट ठेवावे, बाहेरच्या ब्राउझरात उघडण्याचा पर्याय शोधावा, आणि मगच वाचावयास बसावे.