जोत्याखाली खेळती हवा

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या बाजूला खाडी जवळच आहे. अशा सखल भागात पावसाळ्यात तळमजल्याच्या फरशीला ओल येते, भिंतीच्या पायथ्याशी पोपडे सुटतात. भराव, रबल सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) सगळं केलं तरी काँक्रीट केशाकर्षणाने खालची ओल ओढतंच. इटलीत रुळलेली ‘इग्लू’ पद्धत मुळालाच हात घालते. पुनर्वापराच्या प्लास्टिकचे घुमट पीसीसीवर एकमेकांत अडकवायचे, वर लोखंडी जाळी अंथरून काँक्रीट ओतायचं. ते काँक्रीट घुमटांच्या पायांत उतरून त्याचे खांब तयार होतात, खाली सलग पोकळी उरते. जोत्याच्या समोरासमोरच्या भिंतींतून पाइप काढले की त्या पोकळीत वारा फिरतो. आपल्याकडे मात्र पाइपांची तोंडं तुंबणाऱ्या पाण्याच्या पातळीच्या वर हवीत, आणि डास-उंदीर अडवणारी मजबूत जाळी तर हवीच हवी.