थंड मुलुखातील गाय आणि बेलापूरचा उन्हाळा

प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूरच्या परिसरात काळ्या-पांढऱ्या रंगाची संकरित गाय आता सर्रास दिसते. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालव्यांनी पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसाच्या वाढ्यांवर जनावर पोसणे शक्य झाले. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेली 'बाएफ' ही संस्था, दुसऱ्याच वर्षी राहुरीस स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि गावोगावच्या दूध संस्था यांच्या प्रयत्नांनी ही गाय शेतकऱ्याच्या दारात बांधली गेली. गावकरी तिला सरसकट 'जर्शी' म्हणतात. वास्तविक काळी-पांढरी गाय जर्सी बेटावरची नव्हे. तिचे पूर्वज होल्स्टीन-फ्रीजियन जातीचे, उत्तर समुद्राच्या थंड, ओलसर किनाऱ्यावरील हॉलंडच्या कुरणांत वाढलेले. साखर कारखान्याचे पैसे वर्षातून काही हप्त्यांत मिळतात; दुधाचा पगार मात्र घराची नित्याची निकड भागवतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या पुढे गेला, की हा पगार घटतो. गाय धापा टाकते, वैरण सोडते, दूध कमी करते आणि गाभण राहत नाही. "उन्हाने आटली" एवढेच त्याचे कारण सांगितले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. खरे कारण समजून घ्यावयाचे, तर प्रथम ध्रुवप्रदेशाकडे वळले पाहिजे.

उष्ण रक्ताच्या प्राण्याचे शरीर म्हणजे सतत पेटती चूल. अन्नाचे ज्वलन चालू असते, उष्णता निर्माण होत असते आणि ती चार वाटांनी बाहेर पडते: स्पर्शाने थंड पदार्थात, वाहत्या हवेबरोबर, किरणांच्या रूपाने आणि घाम वा श्वासातील पाण्याच्या वाफेबरोबर. ध्रुवावरील प्राणी या वाटा शक्य तितक्या अरुंद करतो. त्यातील पहिली युक्ती आकाराची. एक फूट बाजूच्या घनाचे आकारमान एक घनफूट आणि पृष्ठभाग सहा चौरस फूट. दोन फूट बाजूच्या घनाचे आकारमान आठ घनफूट, पण पृष्ठभाग केवळ चोवीस चौरस फूट. मोठ्या शरीरात उष्णता निर्माण करणारे मांस अधिक आणि ती गमावणारी कातडी त्या मानाने थोडी. कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये हे सूत्र मांडले. थंड प्रदेशातील प्राण्यांचे कान, शेपटी, पाय आखूड असतात, ही पुस्ती जोएल ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७७ मध्ये जोडली. हिमकोल्ह्याचे इवलेसे कान आणि आपल्या माळावरील खोकडाचे लांब कान शेजारी ठेवून पाहिले, की वर्गात निराळे चित्र काढावे लागणार नाही.

दुसरी युक्ती आवरणाची. धनगराची घोंगडी स्वतः उष्ण नसते. लोकरीच्या तंतूंत अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. त्याच न्यायाने बर्फवाला आपला बर्फ गोणपाटात आणि भुशात गुंडाळतो. ध्रुवीय अस्वलाचे केस आणि पेंग्विनची दाट पिसे हीच हवा धरून ठेवतात. पाण्यात मात्र हा उपाय लंगडा पडतो, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते. म्हणून सील आणि देवमासा यांनी केसांऐवजी कातडीखालील चरबीच्या जाड थरावर भिस्त ठेवली आहे.

तिसरी युक्ती सर्वांत नाजूक आहे. पेंग्विन बर्फावर उघड्या पायांनी उभा राहतो, तरी गारठून मरत नाही. पायाकडे जाणारे उष्ण रक्त आणि पायाकडून परतणारे थंड रक्त यांच्या वाहिन्या एकमेकींना खेटून असतात. जाणारे रक्त आपली उष्णता वाटेतच परतणाऱ्या रक्ताच्या हवाली करते. पाय थंडच राहतो आणि थंड पायाकडून बर्फाला फारसे काही मिळत नाही. रेनडिअर हीच काटकसर नाकात करतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातील ऊब व ओलावा तो नाकपुड्यांतच परत मिळवतो. सम्राट पेंग्विनचा नर अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात एकच अंडे पायांवर घेऊन सुमारे दोन महिने उपाशी उभा असतो. त्या काळात शेकडो नर एकमेकांना बिलगून कळप करतात. हा कळप आतून इतका तापतो, की मधल्या पक्ष्यांना उकडू लागते आणि तो मोडावा लागतो.

ही शेवटची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ध्रुवीय अस्वल धावले तर भराभर तापते, म्हणून ते बहुधा सावकाश चालते. धावणारा रेनडिअर तोंड उघडून धापा टाकतो. ऊब राखण्याचे साधन जितके उत्तम, तितके उष्णता टाकणे अवघड. ध्रुवाची हवा थंड असल्याने हा दोष तेथे निभावतो. (मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आणलेल्या पेंग्विनांसाठी थंड हवेचे दालन बांधावे लागले, आणि ते तर ध्रुवावरचे नव्हेत, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हंबोल्ट जातीचे.)

बेलापूरच्या गाईची अडचण हीच आहे. हॉलंडच्या गाईचे अवजड शरीर, दाट केस, आवळ कातडी हे सारे उष्णता राखणारे. वर तिची चूलही मोठी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात वैरण आंबते, त्यातून उष्णता निघते. दूध तयार होताना आणखी निघते. म्हणजे जी गाय अधिक दूध देते, तीच अधिक तापते. गाईच्या अंगाचे तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असते. भोवतालची हवा त्याहून उष्ण झाली, की चार वाटांपैकी तीन नुसत्या बंद होत नाहीत, उलट्या वाहू लागतात. उरते ती वाफेची वाट. पावसाच्या तोंडाशी, कालव्याच्या आणि उसाच्या दमट हवेत तीही आक्रसते. मग गाय स्वतःच चूल मंद करते: वैरण सोडते. दूध घटणे हा तिचा हट्ट नसून बचाव आहे.

देशी गाईची लोंबती पोळी, सैल कातडी, आखूड चकचकीत केस आणि अधिक घर्मग्रंथी ही उष्णता टाकण्याची साधने होत. प्रवरेच्याच उगमाकडे, अकोले तालुक्याच्या धुवाधार पावसात डांगी जनावरे तेलकट कातडीवरून पाणी निथळू देतात. राहुरीच्या विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' सिद्ध केली, त्यामागे दुधाबरोबर काटकपणा राखण्याचाच विचार होता. दुधाच्या आकड्याकडे पाहून परदेशी रक्ताचे प्रमाण वाढवीत जाणे हा त्या विचाराचा अव्हेर होय.

सर्वांत मोठी चूक मात्र गोठ्यात आहे. गाय विकत घेताना ती किती लिटर देते याची दहा वेळा चौकशी होते. तिच्या डोक्यावरील बुटका पत्रा कोणी मोजत नाही. तापलेला पत्रा दिवसभर गाईवर किरणे ओततो आणि बंद गोठ्यात रात्रीचा गारवाही शिरत नाही. दिवसाची साठलेली उष्णता टाकण्यास तीच तर वेळ असते. उंच छप्पर, त्यावर उसाच्या पाचटाचा थर, मोकळ्या बाजू, झाडाची सावली, पहाटे व रात्री वैरण, आणि दावणीशी सदैव पाणी (दुभत्या गाईला उन्हाळ्यात ते शंभर लिटरच्या घरात लागते) यांतील बहुतेक गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. पाचट तर बेलापूरच्या शिवारात आजही पेटवून दिले जाते.

डिसेंबर-जानेवारीत याच गोठ्यात उलट प्रश्न उभा राहतो. पारा दहाच्या खाली उतरलेल्या पहाटे जन्मलेले वासरू लहान, ओले आणि चरबीविना असते. घनाचा हिशेब येथे त्याच्या विरुद्ध जातो. गाय त्याला चाटून कोरडे करते, ते त्याच्या केसांत हवा शिरावी म्हणून. ती पुरते चाटीत नसेल, तर कोरडे गोणपाट घेऊन ते काम माणसाने करावयाचे असते.